मास्तरांच्या पोटातली जाळी

आधीच सांगते, ह्या गोष्टीत शौचाचा विषय सारखा येणार आहे. ज्याला नाक मुरडायचं असेल त्यानं आत्ताच मुरडून घ्यावं. मीही मुरडलं होतं, आणि ते मला फार महागात पडलं.

आमचे हे शिंपी. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणते, म्हणून चारचौघांत मीही मास्तरच म्हणते. घराची पुढची खोली म्हणजे दुकान. त्यात एक मशीन, एक कापायचं टेबल आणि गल्लीकडे उघडणारी मोठी खिडकी. गिऱ्हाईक तिथूनच कपडे देतं आणि तिथूनच घेऊन जातं. शिंप्यांच्या तारखांबद्दल लोक काय काय बोलतात ते मला चांगलं ठाऊक आहे, पण आमच्या मास्तरांनी गुरुवार म्हटला की गुरुवार. बेचाळीस वर्षांत तारीख चुकली ती एकदाच. दोन वर्षांपूर्वी हृदयाचा झटका आला तेव्हा. आणि तेव्हासुद्धा दवाखान्याच्या खाटेवरून निरोप धाडला होता, की निळी पँट शनिवारी मिळेल. असल्या शब्दाच्या पक्क्या माणसाबरोबर संसार करून बघा म्हणजे कळेल. मी पडले बडबडी, तोंडाळ. मूलबाळ झालं नाही, त्यामुळे भांडायला आम्हाला आम्हीच.

झटक्यातून वाचले, पण हृदय पार थकून गेलं. जिना चढायचा नाही, जड उचलायचं नाही. काज-बटणं आणि बारीकसारीक दुरुस्त्या तेवढ्या करायचे. आणि त्यात यंदा पोटाचं सुरू झालं. दोन-दोन, तीन-तीन दिवस शौचाला होईना. मी म्हटलं, बसून बसून होतंय, दुसरं काय! मग पोट फुगायला लागलं. दुसरा कुणी असता तर कण्हला असता. ह्यांनी गळ्यातली टेप काढली, स्वतःच्या पोटाचं माप घेतलं आणि म्हणाले, "अगं, चार दिवसांत अडीच इंच वाढलंय. हे काही बरं लक्षण नाही." त्याच दुपारी उलट्या सुरू झाल्या आणि मी त्यांना रिक्षात घालून मोठ्या दवाखान्यात नेलं.

तिथे पोटाच्या डॉक्टर म्हणून एक बाई होत्या. वयानं माझ्या भाचीएवढ्या, केस बारीक कापलेले, बोलणं अगदी तोलून. फोटो काढले, तपासण्या झाल्या, नाकातून नळी घालून पोटातलं हिरवं पाणी बाहेर काढायला लावलं. मग त्यांनी आम्हा दोघांपुढे खुर्ची ओढली. "मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात गाठ आहे. कर्करोगाची आहे. तिनं रस्ता जवळजवळ बंद केलाय."

मास्तरांनी विचारलं, "मग कापून काढणार?"

"काढली असती," त्या म्हणाल्या. "पण आधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना विचारायला हवं."

भुलीचे डॉक्टर आले. पिकल्या केसांचे, शांत गृहस्थ. त्यांनी छाती ऐकली, कागद चाळले, चष्मा काढून पुसला. "ह्या हृदयाला मी भूल देणार नाही. टेबलावरून उठतील ह्याची मला खात्री वाटत नाही."

माझं टाळकंच सटकलं. "मग तुम्ही इथे आहात तरी कशाला?"

"नाही म्हणायला, बाई," ते म्हणाले. रागानं नव्हे, अगदी साधेपणानं. आजही मला त्या माणसाला तसं बोलल्याचं वाईट वाटतं.

मग पोटाच्या डॉक्टरांनी दुसरा उपाय सांगितला. स्टेंट. बारीक तारेची जाळी असते, नळीसारखी विणलेली. ती दाबून दाबून पेन्सिलीएवढी बारीक करतात. दुर्बीण घालून, एक्सरेत बघत बघत, आधी गाठीच्या चिंचोळ्या जागेतून एक तार पलीकडे सरकवायची आणि त्या तारेवरून जाळी न्यायची. आत गेली की ती आपली आपण फुलते आणि गाठीला रेटून रस्ता उघडा ठेवते. भूल लागत नाही, थोडं गुंगीचं औषध पुरतं. त्यांनी कागदावर चित्रही काढलं.

मास्तर नाकात नळी असताना ते चित्र न्याहाळत होते. म्हणाले, "म्हणजे नेफ्यात नाडी ओवतात तसं. आधी पिन सरकवायची, तिच्यामागून नाडी."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. पायजम्याची नाडी त्यांनी जन्मात ओवली नसावी. मी समजावून सांगितलं, तेव्हा म्हणाल्या, "हो, अगदी तसंच."

"आणि ओवताना नेफा फाटला तर?"

"फार जणांचं तसं होत नाही, पण होतं. झालं तर माझ्याकडे दुसरा इलाज नाही." त्या थांबल्या. "आणि गाठ आत राहणारच. ही रोग बरा करायची सोय नव्हे. जितके दिवस आहेत तितके घरी, खात-पीत जावेत, एवढ्यासाठीच."

"किती दिवस?" मी विचारलं.

"महिने. वर्षं नाही."

"म्हणजे पक्की तारीख नाही देत," मास्तर म्हणाले. "आमच्या धंद्यात असं चालत नाही हो." डॉक्टर हसल्या. मला हसूही आलं आणि रडूही आलं, आणि मी दोन्ही दाबून सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना आत नेलं. मी दाराबाहेर बाकावर बसले. देवाचं नाव घ्यावं तर तेही धड आठवेना. अर्ध्या तासानं दार उघडलं आणि आधी माणूस नाही, वास बाहेर आला. असा वास, की बाकावरची माणसं उठून पलीकडे गेली. मागोमाग सिस्टर आली. बुटांवरच्या पिशव्या पार घाणीनं माखलेल्या, आणि चेहरा हा असा फुललेला. "मावशी, सुटलं! जाळी उघडली आणि धो धो सुटलं. डॉक्टरांच्या बुटांवर, माझ्या बुटांवर, सगळीकडे!"

काय सांगू, त्या वासात उभी राहून मी ढसाढसा रडले. आनंदानं. सिस्टर म्हणाली, मास्तर जागेच होते, पडद्यावर बघत होते, आणि तार पलीकडे गेल्या गेल्या म्हणाले, "गेली पिन. आता मागे ओढू नका."

घरी सोडताना आहाराच्या बाईंनी एक कागद हातात दिला. मक्याचे दाणे नाहीत. कच्ची कोबी, गाजर, काकडी नाही. संत्र्याच्या फोडी नाहीत. सालं नाहीत, बिया नाहीत. मऊ भात, गाळलेलं सूप, अंडं, दही, साधा पाव. आणि शौचाला पातळ होत राहावी म्हणून रोज एक पावडर पाण्यातून. "आतडं पुढे ढकलतं, जाळी ढकलत नाही," त्या म्हणाल्या. "चोथा अडकला की अडकला." हे त्यांनी तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा मी म्हटलं, "कळलं हो, बहिरी नाही मी." असा माझा स्वभाव.

आता माझं पाप सांगते.

आमच्या खिडकीसमोर, गल्लीच्या पलीकडे, कवायतबाईंची खिडकी आहे. शाळेत पस्तीस वर्षं कवायत शिकवून निवृत्त झाल्या, एकट्याच राहतात. गल्ली एवढीशी, की आम्ही खिडकीतून खिडकीत बोलतो. बाईंचा आवाज मात्र अजून मैदानाच्या मापाचा. आम्ही घरी आलो तेव्हा दुकानापुढे चार-पाच गिऱ्हाइकं जमली होती, आणि पलीकडून बाईंनी विचारलं, "काय हो वहिनी, काय केलं मास्तरांना?"

"स्टेंट घातली," मी म्हटलं.

"हृदयात ना? तरी मी म्हणतच होते!"

सगळे माझ्याकडे बघत होते. आणि मी मान हलवली. बस, एवढंच केलं. तोंडातून शब्दही काढला नाही. मान हलवायला कितीसा वेळ लागतो!

खरं सांगते, मला लाज वाटली. आतड्यात म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला: कुठून घातली? ह्या माणसाच्या हातचे कपडे अख्खी गल्ली घालते, आणि ह्याच खिडकीत उभं राहून लोकांनी ते सगळं मनात आणायचं? हृदय कसं, सभ्य आजार. त्याच्याबद्दल कुणीही कुणापुढेही बोलावं. एकदा मान हलली ती हललीच. संध्याकाळपर्यंत मी एकीच्या दोन स्टेंट केल्या होत्या आणि हृदयाच्या डॉक्टरांनी आमच्या मास्तरांची केवढी तारीफ केली तेही सांगून मोकळी झाले होते.

आत आल्यावर मास्तर म्हणाले, "अगं, पण ती खाली आहे."

"खाली आहे ते आपल्याला ठाऊक आहे ना? पुरे. लोकांना काय करायचंय?"

त्यांनी टेबलावरचं खडूचं चूर्ण झटकलं. माझं पटलं नाही की ते असंच करायचे.

कवायतबाई म्हणजे मनात आणलं की तडीला नेणारी बाई. त्यांनी हृदयाला काय चांगलं ते कुठून कुठून वाचून काढलं आणि दुसऱ्या दिवसापासून दुपारी चार वाजता वाटी हजर. किसलेली कच्ची कोबी. सालासकट काकडी. मोड आलेली कडधान्यं. संत्री. "भरपूर चोथा हवा, वहिनी! नळ्या कशा साफ राहतात!" आहाराच्या बाईंचा कागद जणू उलटा धरून वाचावा, तशा त्या वाट्या यायच्या. मी नको म्हणणार कोणत्या तोंडानं? "ठेवा, देते हं त्यांना," म्हणायची आणि स्वयंपाकघरात उभी राहून स्वतः खाऊन टाकायची. बारा दिवस मी बकरीसारखी पाला चघळत होते. घरात ज्याचं पोट साफ व्हायला हवं तो बाजूलाच, आणि मी दिवसातून तीनदा पळतेय! मास्तर मशीनवरून बघायचे आणि गालात हसायचे. म्हणायचे, "सांगून टाक की."

"उद्या सांगते," मी म्हणायची. माझी तारीख म्हणजे शिंप्याची तारीख. आमचे सोडून बाकीच्या शिंप्यांची.

तेराव्या दिवशी पावडर संपली म्हणून मी दवाखान्याच्या औषधाच्या खिडकीवर गेले. ही रांग. परत यायला साडेपाच झाले. मास्तर काज करत बसले होते. "कोणी आलं होतं?" विचारलं तर म्हणाले, "कवायतबाई आल्या होत्या. समोर बसल्या थोडा वेळ." मला वाटलं, वाटी परत घेऊन गेल्या असतील. मनात म्हटलं, चला, आजचा पाला चुकला.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर हे भिंतीकडे तोंड करून उभे, पोटाभोवती टेप. मी विचारायच्या आधीच म्हणाले, "दीड इंच."

पावडर दुप्पट दिली. काही नाही. दहा वाजता पहिली उलटी झाली. मी खिडकीतून ओरडले ती कवायतबाईंनाच, दुसरं कोण होतं मला! त्यांनी दोन मिनिटांत चपला घातल्या, कोपऱ्यावर जाऊन हात आडवा करून गाडी थांबवली आणि ड्रायव्हरला असा आवाज दिला की तो बिचारा वाटेत कुठे बोलला नाही.

दवाखान्यात त्याच डॉक्टर. पोट चाचपलं, एक्सरे बघितला. "जाळी जागेवर आहे. पण आत काहीतरी ठासून बसलंय." मग मास्तरांना विचारलं, "काय खाल्लंत?"

मास्तर छताकडे बघत राहिले. कवायतबाई पुढे सरसावल्या. "मी सांगते ना डॉक्टर. सोमवारी माझ्यासमोर बसून वाटीभर खाल्लं त्यांनी. उकडलेला मका, वर कच्ची कोबी, संत्र्याच्या फोडी. सगळं हृदयाला चांगलं!"

"हृदयाला?" डॉक्टर म्हणाल्या.

"म्हणजे... स्टेंटला."

"अहो, स्टेंट हृदयात नाही. आतड्यात आहे." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्हाला कागद दिला होता ना?"

दिला होता हो. घडी करून पदराआड सांभाळून ठेवला होता. पण माझा स्वभाव जातो कुठे! जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटत असताना मी गेले कुणाच्या अंगावर, तर खाटेवर पडलेल्या माणसाच्या. "तुम्हाला ठाऊक होतं ना सगळं? तोंड नव्हतं का नको म्हणायला? का खाल्लंत?"

मास्तरांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ओठ कोरडे पडले होते. हळूच म्हणाले, "तू शब्द देऊन बसली होतीस ना. मी नको म्हटलं असतं तर त्यांनी कारण विचारलं असतं. तू खोटी पडली असतीस." आणि मग, अगदी माझ्या कानाशी, "आणि मका चांगला लागत होता गं."

बेचाळीस वर्षं मी ह्या माणसाला हट्टी म्हणत आले. त्यानं स्वतःच्या जिवापेक्षा माझी मान मोलाची धरली, आणि ती मान मी हलवली होती कशावर, तर लाजेवर. मी त्यांचा हात धरला, आणि सिस्टरनं तो सोडवून घेऊन त्यांना आत नेलं.

डॉक्टर जाताना सांगून गेल्या, "पाण्याच्या धारेनं धुवून एकेक तुकडा काढते. जाळी जुनी झालेली नाही, पण आतडं ताणलंय. मागच्यापेक्षा धोका जास्त आहे. आणि कापायचा मार्ग आजही नाही, हे लक्षात ठेवा."

म्हणजे ते आत जगले तर जगले, आणि गेले तर माझ्यामुळे गेले. मी बाकावर बसले. शेजारी कवायतबाई. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "वहिनी," त्या म्हणाल्या, "मी मारलं का हो त्यांना?"

"तुम्ही नाही. मी." आणि मग मी सगळं सांगितलं. गाठ, कर्करोग, वर्षं नाही महिनेच उरलेत ते, मान हलवली ते, बारा दिवस त्यांच्या वाट्या मीच खाल्ल्या ते. बोलताना एकदाही वर पाहिलं नाही.

मग बाईंचा तो मैदानावरचा आवाज निघाला, पण बारीक करून. "सरळ बसा आधी. वाकून बसू नका. पहिलीच्या पोरांच्या किती चड्ड्या मी धुतल्यात, माहितेय? परेडच्या मधोमध व्हायची त्यांची. आणि तुम्ही मला, मला, शौचाची लाज सांगता?" त्यांचे डोळे भरले. "कोबी किसताना माझं बोट कापलं होतं हो. आणि ती तुम्ही खाल्लीत."

"चांगली होती," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार!

एक तास दहा मिनिटं लागली. ह्या वेळी वास आला तेव्हा मी उठून त्या वासाकडे धावले. सिस्टरच्या हातात एक ट्रे होता. त्यात मक्याचे दाणे. अख्खेच्या अख्खे, पिवळेधमक, कोबीच्या धाग्यांत गुंतलेले. कवायतबाईंनी तोंडावर हात घेतला. डॉक्टर मागून आल्या, कपाळावर घाम. "मोकळी झाली. फाटलं-बिटलं काही नाही. हृदयानंही साथ दिली." मग माझ्याकडे बघून, "आता तरी सगळ्यांना खरं सांगा. सांगितलंत तर सांभाळतील तुम्हाला. नाहीतर प्रेमानं मारतील."

घरी आलो तेव्हा दुकानापुढे पुन्हा माणसं. मी खिडकीत उभी राहिले. म्हटलं, "ऐका सगळे. स्टेंट हृदयात नाही. आतड्यात आहे. मास्तरांना आतड्याचा कर्करोग आहे, शौचाची वाट बंद झाली होती, ती उघडी ठेवायला जाळी घातलीय. आणि हो, खालूनच घातली." कुणी हसलं नाही. पँट घ्यायला आलेला एक जण म्हणाला, "माझ्या आईचं असंच झालं होतं. आम्ही कुणाला सांगितलं नाही." आणि तो मान खाली घालून पँटची घडी करत राहिला.

दुसऱ्या दिवसापासून कवायतबाईंनी नवीन कार्यक्रम हाती घेतला. सकाळी आठ वाजता खिडकी उघडायची आणि गल्लीभर आवाज: "वहिनी! मास्तरांची झाली का?"

पहिल्या दिवशी मी पडद्याआडून हळूच "हो" म्हटलं. "ऐकू आलं नाही!" दुसऱ्या दिवशी जरा मोठ्यानं. आठवड्याभरात मी खिडकीबाहेर डोकं काढून ओरडायला लागले, "झाली!" आणि पलीकडून पुढचा प्रश्न, "मऊ का घट्ट?" वरच्या मजल्यावरची सूनबाई कपडे वाळत घालताना थांबायची, दूधवाला सायकल धरून उभा राहायचा, आणि उत्तर आलं की आपापल्या कामाला लागायचे. एकदा दुपारपर्यंत झाली नाही, तर चौघांनी येऊन विचारलं. आत मास्तर कपाळाला हात लावायचे. "अगं, माझी काही अब्रू?" पण लगेच विचारायचे, "दूधवाल्याला कळलं का?"

कागदाची एक प्रत मी कवायतबाईंना दिली. त्यांनी ती स्वतःच्या ओट्यावर चिकटवली. वाटी यायची चारलाच, पण आता गाळलेलं सूप. असं गाळलेलं, दोनदोनदा कापडातून, की मास्तर म्हणायचे, "ह्याच्यात नुसता वास उरलाय." पण प्यायचे. भात खायचे, अंडं खायचे. गालांवर थोडं मांसही आलं. गिऱ्हाइकांना सांगितलेल्या तारखा पाळल्या. मी रात्री पाय चेपून देताना एकदा म्हटलं, "माझ्यावर राग नाही ना?" तर म्हणाले, "मका परत देणार असशील तर नाही." मी त्यांना चापट मारली, आणि मग तोंड फिरवून बसले.

असे पाच महिने गेले.

त्या दिवशी ते आतून बाहेर आले, हात धुतले, टॉवेलला पुसले. आठ वाजत आले होते. "झाली," म्हणाले. "सांगून टाक आधी, नाहीतर त्या घरात येतील." आणि मशीनपुढच्या स्टुलावर बसले. एका शाळेच्या शर्टाला बटणं लावायची होती, गुरुवारची तारीख होती.

मी खिडकीत गेले. समोरची खिडकी उघडली.

"वहिनी! मास्तरांची झाली का?"

"झाली!"

"मऊ?"

"मऊ! अगदी वेळेवर!"

कवायतबाईंनी हात वर केला. दूधवाल्यानं पायडल मारलं. मी हसत मागे वळले, तर मास्तरांनी मशीनवर हात टेकून त्यावर डोकं ठेवलं होतं. सुईत दोरा ओवून झाला होता. मी हाक मारली. मग दुसरी मारली.

डॉक्टर आले, त्यांनी लिहिलं, मृत्यू हृदय बंद पडून. नणंदबाई गावाहून आल्या. खोटं त्यांच्यापर्यंत पोचलं होतं, खरं पोचवायचं राहून गेलं होतं. म्हणाल्या, "शेवटी त्या हृदयातल्या जाळीनंच दगा दिला ना." मी म्हटलं, "नाही हो. जाळी आतड्यात होती. आणि तिनं दगा दिला नाही. आज सकाळीसुद्धा झाली त्यांना." जो आला त्याला मी हेच सांगितलं, आणि कुणी नाक मुरडलं नाही. शर्टाची उरलेली बटणं मी लावली आणि तो गुरुवारी देऊन टाकला.

मास्तर गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता मी खिडकीत उभी होते. का, ते मला विचारू नका. समोरची खिडकी उघडली. कवायतबाईंनी सवयीनं तोंड उघडलं आणि मिटलं. खाली दूधवाला सायकल धरून उभा होता. मग कवायतबाईंनी विचारलं, "वहिनी, तुम्ही काही खाल्लंत का?"

माझी मान हो म्हणायला निघाली होती. मी ती थांबवली.

"नाही," म्हटलं. "कालपासून काही नाही."

त्या आल्या. हातात वाटी होती. सूप, दोनदा गाळलेलं. म्हणाल्या, "पहाटे उठून करून बसले. हाताला कळलंच नाही." आम्ही दोघी मशीनशेजारी बसलो आणि मी ते सगळं प्यायले.